डेलावेअरची ओहोटी, ऐरोलीचा जिताडा

वाचकांचे प्रश्न : गळ आणि खाडी

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. त्याने तिथल्या दोन दिवसांच्या बास फिशिंग, म्हणजे बास नावाचा मासा गळाने पकडायला शिकवणाऱ्या, सेमिनारची तिकिटं माझ्यासाठी आणि स्वतःसाठी काढून ठेवली आहेत. शनिवार-रविवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि शिकवणारे सगळे स्पर्धांमध्ये उतरणारे व्यावसायिक अँगलर, म्हणजे गळाने मासे धरणारे. मी वीस वर्षं घणसोली-कोपरखैरणेच्या बाजूला खाडीत हौसेने गळ टाकतो. शिंगाळा, बोय आणि नशीब असेल तर जिताडा. माझ्या दोन शंका आहेत. तो मासा आपल्याकडे नाहीच, मग दोन दिवस ऐकून उपयोग काय? आणि मोठ्या रकमांच्या बक्षिसांसाठी झगडणारी माणसं आपलं खरं गुपित तिकीट काढून आलेल्या परक्या माणसाला कशाला सांगतील?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : जा. अगदी जरूर जा, आणि मुलाला सोबत घेऊनच बसा. मी हे ठामपणे सांगतो, कारण अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो तेव्हा अशाच एका सेमिनारला मी बसून आलो आहे. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हॉटेलचा मोठा हॉल, दोनेकशे माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी आणि मांडीवर वही. चेंदणी कोळीवाड्यात जन्मलेला, वडिलांच्या पागामागे, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्यामागे, चिखल तुडवत मोठा झालेला मी एकटाच तिथे खाऱ्या पाण्यातला होतो.

आधी तुमची दुसरी शंका. बासच्या जगात शिकवण्याची परंपरा जुनी आहे. रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या माणसाने 1967 साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर 106 जणांची स्पर्धा भरवली, पुढे संघटना काढली, आणि गावोगावी सेमिनार घेत सभासद जमवले. स्पर्धा आणि शिकवणी तिथे सुरुवातीपासून हातात हात घालून चालतात. आज शनिवार-रविवारच्या अशा वर्गांमध्ये ‘द बास युनिव्हर्सिटी’ हे नाव प्रसिद्ध आहे. ते माइक आयकोनेली आणि पीट ग्लुझेक या दोन व्यावसायिक अँगलरांनी सुरू केलं. या लोकांचं पोट फक्त बक्षिसावर चालत नाही. गळ-दोरी बनवणाऱ्या कंपन्यांचा पाठिंबा असतो, त्यासाठी लोकांसमोर उभं राहून बोलता यावं लागतं. पण मला त्याहून मोठं कारण दिसलं. त्यांनी पद्धत सांगितली म्हणून त्यांचं काही जात नाही. पाणी रोज बदलतं. काल जिथे मासा होता तिथे तो आज नसतो. गुपित असतं ते जागेचं आणि त्या दिवसाचं, आणि ते शिकवता येतच नाही.

आता पहिली शंका. लार्जमाउथ बास हा सनफिश कुळातला गोड्या पाण्याचा मासा. आपला जिताडा, मुंबईकडे ज्याला खजुरा म्हणतात तो, वेगळ्याच कुळातला. इंग्रजीत त्याला एशियन सीबास म्हणतात म्हणून नात्यातला वाटतो, तसं नाही. बासचं वर्ष पाण्याच्या तापमानावर चालतं. वसंतात पाणी 15 ते 18 अंशांच्या आसपास आलं की नर उथळ पाण्यात शेपटीने तळ साफ करून घरटं करतो आणि अंड्यांची राखण करतो. जिताडा असलं काही करत नाही. तो वाढतो खाडीत आणि गोड्या पाण्यात, अंडी द्यायला जातो खाडीच्या खाऱ्या तोंडाशी. तेव्हा घरट्यांवर आणि थंड पाण्यावर जे काही सांगतील, ते आवडीने ऐका आणि तिथेच सोडा.

पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे. दोघंही दबा धरून बसणारे मासे. पाठलाग करून दमण्यापेक्षा आडोशाला उभं राहायचं आणि खाणं समोर आलं की तोंड उघडून आत ओढायचं. मग आडोसा कुठे, खाणं कुठून येणार आणि कधी, एवढेच तीन प्रश्न उरतात. त्या सेमिनारमधला प्रत्येक अँगलर, विषय कुठलाही असो, शेवटी याच तीन प्रश्नांपाशी येत होता.

हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. पहिला दिवस मी आमिषांचे रंग उतरवून घेण्यात घालवला. गढूळ पाण्यात काळा-निळा, स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, ऊन असताना हा, ढग असताना तो. अकरा पानं भरली. रात्री मुलीने विचारलं, “बाबा, काय शिकलात?” आणि मला एक वाक्य धड सांगता येईना. वाईट वाटलं. तिने माझ्यासाठी पैसे भरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती-ओहोटीच्या नद्यांवर एक तास होता. डेलावेअर नदीत समुद्राची भरती फिलाडेल्फियावरून पुढे थेट ट्रेंटनपर्यंत चढते, आणि त्या गोड्या पण वरखाली होणाऱ्या पाण्यात बास असतो. आयकोनेलींनी 2014 साली फिलाडेल्फियातली मोठी स्पर्धा जिंकली ती याच नदीवर. 2003 साली ते बासमास्टर क्लासिक ही बासची मानाची स्पर्धा जिंकले तेही लुइझियानाच्या नदीमुखातल्या पाण्यात. आमच्यापुढे बोलत होता तो दुसरा, तरुण अँगलर. त्याने फळ्यावर नदी काढली आणि सांगितलं की ओहोटी सगळीकडे एकदम लागत नाही. ती तोंडापाशी आधी लागते, वर उशिरा. म्हणून तो ओहोटीच्या पहिल्या तासात खालच्या नाल्यावर गळ टाकतो, तिथलं पाणी मंदावलं की होडी वर हाकतो. वर ओहोटी तेव्हा कुठे सुरू होत असते. एकच चांगला तास तो दिवसातून तीनदा जगतो.

मी खुर्चीत ताठ झालो. माझे वडील हेच करायचे! तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची, चतुर्थीला तीनच्या सुमारास, आणि ठाण्याला पाणी मुंबई बंदरापेक्षा उशिरा चढतं म्हणून वर थोडा वेळ धरायचा. विटाव्याकडून सुरुवात करून ते कळव्याकडे सरकायचे. मला ते लहानपणी नुसतं चालणं वाटायचं.

प्रश्नोत्तरांत मी उभा राहिलो. म्हटलं, आमच्याकडे पाणी चहासारखं गढूळ आहे, काठाला तिवरं आहेत, उधाणाला बंदरात भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, आणि आमचा मासा असा असा आहे. काय कराल? त्याने उत्तर दिलं नाही. मलाच विचारलं. ओहोटीला तिवरांतलं पाणी कुठल्या वाटेने बाहेर पडतं? त्याच्याबरोबर काय काय वाहत येतं? आणि तुम्ही पकडलेले शेवटचे पाच मासे ओहोटीच्या कितव्या तासाला लागले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी झोपेतही दिली असती. खाजणातून, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीतून, नाळीने म्हणजे अरुंद ओहळाने पाणी निघतं, आणि त्यात कोळंबी, निवट्या, बोयटांची पिल्लं येतात. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चाळीस वर्षांत मी एकदाही लिहून ठेवलं नव्हतं.

परत आल्यावर वही घातली. तारीख, तिथी, भरतीची वेळ, जागा, आमिष, मासा लागला ती वेळ. न लागलेल्या दिवसांचीही नोंद, तीच जास्त महत्त्वाची. दोन हिवाळ्यांनंतर दिसलं की माझे निम्म्याहून जास्त जिताडे ओहोटीच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासात, नाळ जिथे मोठ्या पाण्याला मिळते त्या कोपऱ्यावर लागले होते, आणि मी मात्र बहुतेक वेळ भरतीच्या माथ्यावर खर्च करत होतो, कारण तेव्हा काठाशी उभं राहायला सोपं जातं.

तेव्हा तयारी ही करा. जायच्या आधी तुमच्या जागेचा उपग्रहावरचा नकाशा ओहोटीच्या वेळचा शोधून छापून घ्या, म्हणजे नाळी दिसतील. एक प्रश्न लिहून न्या, एकच, तुमच्या पाण्याचा. आमिषांचे रंग लिहू नका. वक्ते भरभर बोलतात, दक्षिणेकडचे असले तर शब्द लांबवतात, म्हणून पुढच्या रांगेत बसा. दोन शब्दांचा फरक आधीच समजून घ्या. ‘स्ट्रक्चर’ म्हणजे तळाचा आकार, खड्डा, कडा, नाळेचं वळण. ‘कव्हर’ म्हणजे त्यावर असलेला आडोसा, तिवर, पुलाचा खांब, बुडालेली होडी. हे दोन्ही एका जागी भेटलं की थांबायचं, हे ते शंभरदा सांगतील आणि खरंच सांगतील.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर दुकानं मांडलेली असतात. हात आवरा. बासच्या बारीक तारेच्या गऱ्या आपला मोठा जिताडा सरळ करून टाकतो. शिवाय त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते, बासला वापरतात तसली पातळ दोरी ती एका झटक्यात कापते. पुढे जाड नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बनचा तुकडा हवाच. मी तिथून दोनच गोष्टी आणल्या. एक पॅलोमार गाठ, जी डोळे मिटून बांधता येते आणि गोफासारख्या विणलेल्या दोरीला सुटत नाही. दुसरी टेक्सास रिग, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं पुढे, मागे रबरी आमिष, आणि गरीचं टोक त्या रबरातच लपवलेलं. तिवरांच्या वर आलेल्या मुळ्यांतून ते न अडकता सरकत येतं. रबरी कोळंबी लावून मी तेच इथे वापरतो.

सेमिनारला परवाना लागत नाही, पण नंतर मुलाबरोबर तळ्यावर जाणार असाल तर त्या राज्याचा मासेमारी परवाना आधी काढा. प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, पाहुण्यांनाही लागतो.

प्रश्न : काका, आमचं घर मासळीवर चालतं. तुमच्या सदरात ‘पकडा आणि सोडा’ असं वाचलं की मला राग येतो. अमेरिकेत म्हणे मासा वजन करून परत पाण्यात सोडतात. खायचा नाही तर त्याला त्रास कशाला द्यायचा? आणि आमच्याकडे जिताडे कमी झालेत ते गळवाल्यांनी सोडल्याने वाढणार आहेत का?
— एक वाचक, दिवाळे कोळीवाडा, बेलापूर

उत्तर : ताई, तुमचा राग रास्त आहे. जो मासळीवर घर चालवतो त्याला ‘सोड’ म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि माझ्या लिहिण्यातून तसं वाटलं असेल तर माफी मागतो.

तिकडची गोष्ट वेगळी आहे. तिथे नैसर्गिक पाण्यातला बास बहुतेक राज्यांत बाजारात विकता येत नाही. तो हौशी लोकांचा मासा. एकेका तळ्यावर शेकडो माणसं गळ घेऊन उतरतात, सगळ्यांनी घरी नेला तर तळं रिकामं होईल. म्हणून रे स्कॉटनी 1972 पासून स्पर्धेत मासे जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला. होडीतच हवा सोडलेल्या पाण्याची टाकी असते. दिवसाला पाचच मासे वजनाला आणायचे, आणि मेलेला आणला तर वजन कापतात. सेमिनारमध्ये मासा हाताळण्यावर जे शिकवलं ते मी सगळ्यात जपून ठेवलं. हात ओले करायचे, मोठा मासा नुसत्या जबड्याला धरून लोंबकळवायचा नाही, पोटाखाली दुसरा हात द्यायचा, फोटोच्या नादात पाण्याबाहेर ठेवायचा नाही.

आता जिताड्याचं. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे तुमच्या पाटीत येणारे लहान-मध्यम जिताडे बहुतेक नर, आणि चांगला मोठा, ज्याच्याबरोबर गळवाला फोटो काढतो, तो बहुधा मादी. अशी एक मोठी मादी एका खेपेला लाखांनी अंडी देते. म्हणून माझ्यासारख्या हौशी माणसाने, ज्याच्या घरी पेन्शन येते, मोठा जिताडा सोडावा आणि खायला मधला एखादा न्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. ते मी स्वतः पाळतो. गेल्या मार्गशीर्षात एक मोठी मादी सोडली तेव्हा हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. आमच्या घरी जिताड्याच्या डोक्याचं कालवण म्हणजे सण.

गळवाल्यांनी सोडल्याने खाडी भरेल का? नाही, तेवढ्याने नाही. खाजणं बुजली, नाळी भरावाखाली गेल्या, वरून कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी आलं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. पिल्लाला वाढायला तिवर लागतं. रायगडात पूर्वीपासून गावतळ्यांत जिताड्याची पिल्लं सोडून वाढवतात, आणि चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 साली बंदिस्त पाण्यात त्याचं प्रजनन यशस्वी केलं, त्यामुळे आता बीज मिळतं. तुमच्या सोसायटीने पिंजऱ्यातल्या पालनाबद्दल मत्स्यव्यवसाय विभागाकडे चौकशी करावी असं मला मनापासून वाटतं. खाडीतल्या माशाला ते पर्याय होणार नाही. घराला आधार होईल.

प्रश्न : ठाणे तलावांचं शहर आहे. मग येऊरच्या पायथ्याशी किंवा एखाद्या तलावात बासची पिल्लं आणून सोडली तर? पर्यटन वाढेल, स्पर्धा भरतील, इथेच सेमिनार होतील. आमचा हौशी गट तयार आहे.
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : कृपा करून करू नका.

जपानने हे करून पाहिलं. 1925 साली हौसेखातर अमेरिकेतून बास आणून आशी तळ्यात सोडला. तिथून तो देशभर पसरला. हौशी लोकांनीच बादल्यांतून नेऊन तळ्यातळ्यांत सोडला. बिवा या त्यांच्या सर्वांत मोठ्या सरोवरात तो एवढा माजला की 2009 साली तिथे 10 किलोच्या वर वजनाचा बास पकडला गेला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 1932 साली झालेल्या जागतिक विक्रमाची बरोबरी त्याने केली. गळवाल्यांना हे ऐकून आनंद होतो, मलाही पहिल्यांदा झाला होता. पण त्याच सरोवरातले स्थानिक लहान मासे त्याने खाऊन कमी केले. 2005 पासून जपानात बास पाळणं, जिवंत वाहून नेणं, नव्या पाण्यात सोडणं कायद्याने बंद आहे, आणि बिवात तर पकडलेला बास परत सोडायलाही मनाई आहे. एका देशात ‘सोडा’ हा धर्म, दुसऱ्यात तोच मासा सोडणं गुन्हा.

आपल्या तलावांना तिलापिया हा बाहेरून आणलेला मासा आधीच पुरून उरला आहे. तुमच्या गटाला सेमिनारच हवा असेल तर तो आपल्या माशांवर भरवा. कोळीवाड्यातल्या दोन जुन्या माणसांना मानाने बोलवा, मानधन द्या, खडू-फळा द्या, आणि भरतीचं गणित, नाळीच्या जागा, पाग कसा फेकायचा हे त्यांच्याकडून ऐका. मी स्वतः येऊन पहिल्या रांगेत बसेन.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. यूट्यूबवर अमेरिकन प्रो अँगलरांचे व्हिडिओ बघून रॉड घेतला. चार रविवार गेलो, काही लागलं नाही. सुरुवात कुठून करू? होडी नाही.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बाळा, दोन गोष्टी आधी. तिवरांच्या चिखलात एकटा उतरू नकोस. भरती पाठीमागून नाळीने चढते आणि परतीची वाट बुडते, हे समोर बघणाऱ्याला कळत नाही. आणि ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत गळ घेऊन जाऊ नकोस. 2015 साली ते जाहीर झालं, 2022 साली त्याला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात हद्द नीट दाखवतील, तिथे एकदा जाऊन ये. ती जागा बघण्यासारखीही आहे.

सारसोळे किंवा करावे गावातल्या एखाद्या जुन्या कोळ्याला विचारून, तो सांगेल त्या धक्क्यावर बस. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तो काळ काठावर तूही गळ बंद ठेवलास तर बरं, मासा तेव्हा अंड्यावर असतो.

व्हिडिओत चार तासांतली चार मिनिटं दाखवतात. उरलेल्या वेळात तो माणूस पाण्याकडे बघत असतो, ते तुला दिसलं नाही. येत्या रविवारी रॉड घरी ठेव. वही, घड्याळ आणि पाण्याची बाटली घे, भरती संपायच्या अर्धा तास आधी पोहोच आणि ओहोटी पुरती लागेपर्यंत बस. पाणी कुठून निघतं, बोयटं कुठे उडतात, बगळे कुठल्या कोपऱ्यावर जमतात आणि किती वाजता, ते लिही. मग मला पत्र पाठव, त्या पानाचा फोटोही जोड.